गाडी शोरूमला दिली, चलन मात्र मला!

प्रश्न : सांगलीतल्या एका शोरूमला एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी दिली. ठरलेली किंमत ऐन डिलिव्हरीला 'दाराला पेंट मारलाय' म्हणत चाळीस हजारांनी पाडली. आता त्याच गाडीचं पुण्यातलं चलन माझ्या मोबाइलवर आलंय. काय करू?
– एक वाचक, कुंडल (ता. पलूस)

उत्तर : पैशांचं नंतर, आधी आरसीचं बघा. तिच्यावर तुमचं नाव आहे तोवर कायद्याने मालक तुम्हीच. नवीन कुमार खटल्यात गाडी अनेक हातांतून गेली होती, तरी अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नोंदणीकृत मालकावरच टाकली. चलन त्यापुढे किरकोळ आहे, म्हणून घाई करा.

मात्र एप्रिल २०२३पासून गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिल्याचं फॉर्म २९-सीने आरटीओला कळवायचं असतं. तिथून जबाबदारी त्याची. ते कळवलंय का, शोरूमला लेखी विचारा. नसेल, तर गाडी दिल्याची तारीख-वेळ असलेली पावती घेऊन सांगली आरटीओत स्वतः लेखी कळवा आणि पोच घ्या. चलनावरही त्याच पावतीच्या आधारे तक्रार नोंदवा. मालकी हस्तांतरणाच्या कोऱ्या फॉर्म २९-३०वर सह्या करून लोक मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पैशांचं. ठरलेली किंमत व्हॉट्सॲपवर किंवा बुकिंग फॉर्मवर लिहिलेली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. तरी ऐकलं नाही, तर दोन वर्षांच्या आत सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.

आणि विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा आहे, शोरूमचा नाही. तो नव्या गाडीवर मागून घ्या.