संगणकातील धुळीचे निवारण

ग्रामपंचायतीचा वा शाळेचा संगणक ऐन उन्हाळ्यात आपोआप बंद पडू लागतो आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाती परतावे लागते. यंत्र निकामी झाले असे मानण्यापूर्वी त्यातील धूळ पाहणे इष्ट होय.

संगणकातील पंख्यांमुळे हवेबरोबर धूळही आत येते व प्रोसेसरवरील धातूच्या पट्ट्यांमध्ये साचते. उष्णतेची वाट खुंटली की प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो. तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास यंत्र बंद होते.

सफाईपूर्वी संगणक रीतसर बंद करून वीजजोडणी काढावी व तो मोकळ्या जागी न्यावा. आतील भाग हाताळण्यापूर्वी धातूच्या सांगाड्यास स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जातो. मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ सैल करून ब्लोअरने थोड्या अंतरावरून उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने रोखून धरावीत. अतिवेगाने फिरल्यास पंखा बिघडण्याचा संभव असतो. ओले फडके वापरू नये. वीजपुरवठ्याची आतील पेटी कदापि उघडू नये. जोडणी काढल्यावरही तिच्यात घातक विद्युतभार राहू शकतो.

उन्हाळ्यापूर्वी अर्धा तास या कामी दिल्यास दुरुस्तीचा खर्च व ग्रामस्थांचे हेलपाटे टळू शकतील.