नॉक्सव्हिलच्या संघाबद्दल

पुणे, ऑक्टोबर २०२५

चि. सानिका,

यंदा लेडी व्हॉल्सच्या, म्हणजे टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या, हंगामाची तिकिटं घ्यावीत की नाही, याचा तुझा निर्णय होत नाही असं तू लिहिलंस. कारणं तीन दिलीस: कोच बाहेरची आली, खेळाडू दर वर्षी बदलतात आणि पैशाने सगळं नासलं. तिन्हींत तथ्य आहे. पण त्यावरून हा संघ आता आपला राहिला नाही असं जे तू म्हणतेस, ते मला पटत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: मुख्य कोच पॅट समिट २०१२ साली निवृत्त झाल्यापासून टेनेसीच्या चाहत्यांनी तेरा वर्षं एकाच कामात घालवली, त्यांच्या खुर्चीवर कोण बसलंय आणि ते माणूस त्या खुर्चीच्या लायकीचं आहे का, हे तपासण्यात. ती खुर्ची ज्या गोष्टींवर उभी होती त्यांच्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. तुझा पाठिंबा त्या गोष्टींना हवा. कोच कोणीही असो, त्या गोष्टी टिकल्या तर संघ टिकेल.

आज समिट यांच्याबद्दल बोलताना लोक १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं यांपासून सुरुवात करतात. तू शेवटापासून मागे जाऊ नकोस, आरंभापासून पुढे ये. १९७४ साली बाविसाव्या वर्षी त्या मुख्य कोच झाल्या तेव्हा पगार महिना अडीचशे डॉलर होता. संघाची व्हॅन त्या स्वतः चालवत, मुलींचे गणवेशही त्याच धूत. पहिला सामना मर्सरकडून एका गुणाने हरल्या. पहिलं विजेतेपद आलं ते १९८७ साली, तेराव्या हंगामात. मधल्या काळात १९८०, १९८१ आणि १९८४ असे तीन वेळा त्यांचे संघ अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरले होते. पुढे वैभवाच्या ऐन काळातही हिशेब सरळ नव्हता. १९९६-९७च्या संघाने तब्बल दहा सामने गमावले आणि तोच संघ मार्चअखेर विजेता ठरला. २००८ साली आठवं विजेतेपद मिळालं आणि पुढच्याच वर्षी बॉल स्टेटसारख्या संघाने त्यांना पहिल्या फेरीतच घरी पाठवलं. टेनेसीच्या बाबतीत असं आधी कधी झालं नव्हतं. म्हणजे ज्या घसरणीचं खापर आपण नंतर आलेल्यांवर फोडतो, तिची पहिली चाहूल समिट स्वतः बाकावर असतानाच लागली होती. आजच्या चाहत्यांच्या मापाने मोजलं असतं तर १९८४च्या पराभवानंतरच त्यांची रजा झाली असती.

मग तेरा वर्षं धीर धरणं शक्य कशामुळे झालं? लोक सहनशील होते म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. १९७२च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींच्या खेळावर खर्च करणं विद्यापीठांना भाग पडू लागलं. टेनेसीने त्यापुढे जाऊन महिलांचा क्रीडाविभागच स्वतंत्र ठेवला. त्याची संचालक वेगळी, अंदाजपत्रक वेगळं. अमेरिकेतल्या अगदी मोजक्या विद्यापीठांत अशी सोय होती. त्या विभागात बास्केटबॉल हाच मोठा खेळ होता, त्यामुळे त्याला कुणाच्या उरलेल्या ताटातलं खावं लागत नव्हतं. याची दुसरी बाजू पाहायची तर इमॅक्युलाटा आणि डेल्टा स्टेट ही नावं आठव. १९७२ ते १९७७ ही सहा विजेतेपदं या दोन छोट्या कॉलेजांनी तीन-तीन वाटून घेतली होती. तिथे गुण कमी नव्हते, कोचही उत्तम होते. मोठ्या विद्यापीठांनी पैसा ओतायला सुरुवात केली आणि दोघं मागे पडली. शाळांतल्या खेळाचंही तेच. टेनेसीतल्या शाळांमध्ये मुली सहा-सहा जणींचा अर्ध्या कोर्टाचा खेळ खेळत; निम्म्या मुलींनी फक्त बचाव करायचा, मधली रेघ ओलांडायची नाही. हा प्रकार १९७९पर्यंत चालला. तो बंद व्हावा म्हणून समिट यांनी उघड भूमिका घेतली, कारण घरच्या मुली पूर्ण कोर्टाच्या खेळाला तयारच होत नव्हत्या. त्यांना परंपरेची रखवालदार समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. त्या स्वतः आपल्याच राज्यातली परंपरा मोडायला निघाल्या होत्या.

आता २०१२ पाहा. अल्झायमरचं निदान आदल्या वर्षी जाहीर झालं होतं. त्या हंगामात बरंचसं काम सहायकांकडे, मुख्यतः हॉली वॉर्लिक यांच्याकडे गेलं आणि एप्रिलमध्ये समिट बाजूला झाल्या. सगळ्यांचं लक्ष तिकडे असताना, त्याच सुमारास, महिलांचा स्वतंत्र क्रीडाविभाग पुरुषांच्या विभागात विलीन झाला. घसरण केवळ यामुळे झाली असं मी म्हणत नाही. यूकॉन, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ, तोवर पुढे निघून गेला होता आणि देशभर चांगले संघ उभे राहिले होते. पण एकाच वर्षात संघाची कर्तीही गेली आणि वेगळी चूलही गेली. आपण शोक केला तो फक्त पहिल्या गोष्टीचा. मग सारी अपेक्षा ‘समिट यांच्या माणसावर’ येऊन बसली. वॉर्लिक त्यांच्या हाताखाली खेळलेल्या आणि पुढे सत्तावीस वर्षं सहायक राहिलेल्या. सात हंगामांत तीनदा त्यांनी संघ शेवटच्या आठांत नेला. २०१९मध्ये त्यांना काढलं. त्यांच्या जागी केली हार्पर आल्या. १९९६ ते १९९८ या तिन्ही विजेत्या संघांत त्या खेळल्या होत्या. पाच हंगाम, दोनदा शेवटच्या सोळांत, आणि एप्रिल २०२४मध्ये त्यांनाही निरोप. २००८नंतर संघ शेवटच्या चारांत पोचलेला नाही हे खरं, आणि तेवढ्यावर दोघींचा निकाल लागला. थोर माणसाच्या पाठोपाठ येणाऱ्याचं असं होतंच. यूसीएलएत जॉन वुडन १९७५ साली निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्या जीन बार्टो यांनी दोन हंगामांत ५२ सामने जिंकले आणि अवघे नऊ हरले. तरी टीकेला कंटाळून ते निघून गेले. त्यानंतरचं विजेतेपद यायला १९९५ साल उजाडलं.

हार्पर यांच्यानंतर कोच म्हणून आलेल्या किम कॉल्डवेल यांच्यावर तुझा मुख्य आक्षेप हा की त्या ‘आपल्यातल्या’ नाहीत. इथे मला किशोरीताई आमोणकर आठवतात. मोगूबाईंच्या कडक तालमीत तयार झालेली मुलगी जयपूर घराण्याच्या चौकटीबाहेर जाऊन गाऊ लागली तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. आज त्या घराण्याचं नाव घेताना त्यांना वगळता येत नाही. पण ही उपमा मी फार ताणणार नाही, कारण किशोरीताई निदान घरच्या होत्या. कॉल्डवेल आल्या त्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजला २०२२चं द्वितीय श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देऊन आणि मग मार्शल विद्यापीठात एक हंगाम काढून. खेळण्याची तऱ्हाही वेगळी: पूर्ण कोर्टभर दबावाचा बचाव (प्रेस), आणि दर काही मिनिटांनी पाचच्या पाच खेळाडू बदलायच्या. हे पाहून तुला चीड येते, समजू शकतं. जुन्या खेळाची सवय झालेल्या डोळ्यांना ते गोंधळाचं वाटतं. पण पहिल्या हंगामात २४ विजय, १० पराभव, फेब्रुवारीत यूकॉनवर ८०-७६ने मात आणि शेवटच्या सोळांत जागा, हे गोंधळातून येत नाही. तोच यूकॉन पुढे राष्ट्रीय विजेता झाला. जाता जाता एक: जानेवारीत बाळंतपण झाल्यावर आठवड्याभरात त्या बाकावर परत आल्या, त्याचं सर्वत्र कौतुक झालं. मला कौतुकापेक्षा काळजी वाटली. समिट यांच्याबद्दलही सांगतात की १९९० साली एका खेळाडूच्या घरी गेल्या असताना कळा सुरू झाल्या आणि बाळाचा जन्म टेनेसीतच व्हावा म्हणून त्यांनी विमान नॉक्सव्हिलला आणवलं. अशा गोष्टी शौर्यकथा म्हणून सांगत राहिलो तर पुढच्या बाईने रजा मागायची कशी?

तू म्हणशील, लाखो डॉलर घेणाऱ्या कोचसाठी सबुरी कशाला, निकाल नाही तर घरी जा. यात न्याय आहे. सबुरी म्हणजे डोळेझाक, असं मी म्हणत नाही. मोजमाप कसलं लावायचं एवढाच प्रश्न आहे. साउथ कॅरोलायनाने २००८ साली डॉन स्टेली यांना आणलं, तेव्हा पहिल्या हंगामात १० विजय आणि १८ पराभव पदरात पडले. राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळायला २०१२ उजाडलं आणि पहिलं विजेतेपद मिळायला २०१७. नोत्र दामने मफेट मॅग्रॉ गेल्यावर नील आयव्ही यांना नेमलं, पहिल्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा हुकली, आणि २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं संघ शेवटच्या सोळांत पोचला. उलट टेनेसीत १९८२पासून एकही राष्ट्रीय स्पर्धा चुकलेली नाही. तुम्ही त्याचा अभिमान बाळगता आणि त्याच अभिमानाने प्रत्येक कोचला धास्तावता, कारण साखळी आपल्या हातून तुटू नये या भीतीपोटी कोणी दोन वर्षांची गुंतवणूक करायला धजत नाही. तेव्हा कॉल्डवेल यांना मोजायचंच तर हे पाहा: नोव्हेंबरमधला बचाव फेब्रुवारीत सुधारलेला दिसतो का, आणलेल्या मुली दुसऱ्या वर्षी थांबतात का, आणि त्या पदवी घेतात का. समिट यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. आठ पताकांपेक्षा मला हा विक्रम मोठा वाटतो, आणि मुली दर वर्षी विद्यापीठ बदलू लागल्यावर सर्वांत आधी धोका त्यालाच आहे. त्याबद्दल ओरड करणारा चाहता मला अजून दिसायचा आहे.

खेळाडू पैशासाठी येतात-जातात, त्यांच्यावर जीव कसा लावायचा, हा तुझा सर्वांत प्रामाणिक प्रश्न. पण जुनी निष्ठा काय होती तेही बघ. पूर्वी विद्यापीठ बदललं तर मुलीला एक वर्ष बाकावर बसून काढावं लागे. कोच मात्र वाटेल तेव्हा दुसरीकडे जाऊ शके. चार वर्षांच्या त्या मुक्कामात प्रेम होतं, तशी सक्तीही होती. १ जुलै २०२१पासून मुलींना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमवता येऊ लागलं. त्याआधीही त्यांच्या नावावर पैसे मिळवले जात होतेच, फक्त ते त्यांना मिळत नव्हते. एका हंगामासाठी आलेल्या मुलीसाठी उभं राहून टाळ्या वाजवायला तुला जड जातं, हे मी मान्य करते. पण ती दोष घेऊन आलेली नाही, नवा नियम घेऊन आली आहे.

पैशाने नासलं म्हणतेस, तर पैसा जातो कुठे तेच पाहू. २०२१ साली राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी पुरुषांना भलीमोठी व्यायामशाळा आणि सॅन अँटोनिओत महिलांना डंबेल्सची एक मांडणी मिळाली. एका खेळाडूने त्याचा व्हिडिओ टाकला नसता तर कोणाला कळलंही नसतं. महिलांच्या स्पर्धेला ‘मार्च मॅडनेस’ हे नाव वापरायची परवानगी मिळाली तीही त्यानंतर. २०२४चा महिलांचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. तरीही महिलांच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत सामना जिंकला तर त्याबद्दल पैसे मिळण्याची सोय २०२५मध्ये पहिल्यांदा झाली. पुरुषांना ती पूर्वापार होती. आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षात सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देता येते. त्याच तडजोडीतल्या मागच्या वर्षांच्या भरपाईत महिला बास्केटबॉलचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास धरला आहे, त्यावर टायटल नाइनचा आधार घेऊन अपीलही झालं आहे. पुढच्या वाटपासाठीही अनेक विद्यापीठं हेच प्रमाण नजरेसमोर ठेवून आहेत. कमाई फुटबॉलची, मग वाटा त्याचाच मोठा, असं उत्तर तुला मिळेल. या उत्तरात वजन आहे. पण १९७४ साली हेच उत्तर शेवटचं मानलं असतं तर समिट शेवटपर्यंत व्हॅनच चालवत राहिल्या असत्या. पन्नास वर्षं ज्या खेळात पुरेसा पैसा घातलाच नाही, तो कमावत नाही म्हणून त्याला कमी द्यायचं, हा हिशेब गोल फिरून जिथल्या तिथे येतो.

चाहत्यांचं ऐकतं कोण, असं म्हणू नकोस. २०१४ साली विद्यापीठाने जाहीर केलं की बास्केटबॉल वगळता मुलींच्या सगळ्या संघांच्या नावातून ‘लेडी’ जाणार. तुमच्यासारख्या माजी विद्यार्थिनींनी पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या, देणग्या रोखायची भाषा केली, आणि २०१७मध्ये ते नाव परत आलं. एका नावासाठी तीन वर्षं एवढा जोर लावता येतो, तर वाटपासाठी का नको? म्हणून माझा सल्ला असा. तिकिटं घे. यूकॉन आणि साउथ कॅरोलायनाच्या दिवशी सभागृह तसंही भरतं. तू नोव्हेंबरातल्या आडवारच्या सामन्यांनाही जा, कारण विभाग वर्षभराची सरासरी पाहतो. देणगी द्यायची असेल तर सर्वसाधारण क्रीडानिधीत टाकू नकोस, महिला बास्केटबॉलच्या नावानेच दे आणि तसं लिहून घे. आणि तिकिटांच्या पैशांसोबत क्रीडासंचालकांना एक पत्र पाठव. त्यात कॉल्डवेल यांच्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस. दोनच गोष्टी विचार: यंदाच्या वाटपातले किती डॉलर या संघाला मिळाले, आणि बदली होऊन आलेल्या मुलींपैकी किती जणी इथली पदवी घेऊन बाहेर पडतात. उत्तर मोघम आलं तर तुझ्या शेजारच्या खुर्च्यांवर दर वर्षी बसणाऱ्यांना बरोबर घे आणि तेच पत्र पुन्हा पाठव.

तुझी,
आत्या