खोलीचा परवाना

समुद्रापासून इतक्या दूर, मराठवाड्यातील पुसेगावासारख्या कोरडवाहू मुलखात वाढलेल्या माणसाने स्कूबा डायव्हिंगच्या वरच्या श्रेणींविषयी सल्ला द्यावा, हे कित्येकांस विलक्षण वाटेल. परंतु मालवण-तारकर्लीस जाऊन पहिला दाखला मिळविलेले आमच्या भागातील तरुण अलीकडे 'काका, आता पुढचं कोणतं करू?' अशी पृच्छा मजकडे करू लागले आहेत, आणि या प्रश्नाच्या घाईच्या उत्तराचा परिणाम मी पाण्याखाली हाताच्या अंतरावरून पाहिलेला असल्यामुळे मौन बाळगणे मला उचित वाटत नाही.

अंदमानच्या समुद्रात माझा मावसभाऊ माझ्यासमवेत होता. ओपन वॉटरचा, म्हणजे अठरा मीटरांपर्यंतचा, दाखला त्याच्या हाती पडला आणि दुसऱ्याच दिवशी तो तीस मीटरांच्या ॲडव्हान्स्ड शिक्षणक्रमात दाखल झाला. नियमानेही त्यात काही गैर नव्हते, कारण या दोहोंच्या मध्ये अमुक इतक्या डाइव्ह झाल्याच पाहिजेत अशी अट नाही. खोलवर पोहोचल्यावर इन्स्ट्रक्टरने खुणेने हवेची विचारणा केली, तेव्हा त्याने प्रसन्न मुद्रेने 'सर्व ठीक' अशी खूण केली. मी वळून त्याच्या गेजकडे पाहिले तो काटा पन्नास बारच्या खाली उतरलेला. इन्स्ट्रक्टरने त्याचा दंड धरला, आपला राखीव रेग्युलेटर त्याच्या तोंडी दिला आणि त्यास सावकाश वर आणले, म्हणून अनर्थ टळला. होडीवर आल्यानंतर गेज पाहिल्याचे त्यास मुळीच स्मरत नव्हते. दाबाखालील नायट्रोजनची ही गुंगी भल्याभल्यांस चढते, आणि ती चढलेल्या मनुष्यास आपली बुद्धी शाबूत असल्याची पूर्ण खात्री असते, हेच तिच्यातील खरे भय आहे.

यामागील हिशेब सोपा आहे. बारा लिटरांच्या सिलिंडरात दोनशे बार दाबाने भरलेली हवा म्हणजे २४०० लिटर; पृष्ठभागावर मिनिटास वीस लिटर घेणाऱ्यास ती दोन तास पुरावी. परंतु दर दहा मीटरांस दाब सुमारे एका बारने वाढत जाऊन तीस मीटरांवर तो चौपट होतो, तेथे तोच मनुष्य मिनिटास ८० लिटर घेतो, आणि पन्नास बार राखून ठेवावयाचे म्हटल्यास उतरण्याचढण्यास लागणारी हवा न धरताही त्याच्या पदरी जेमतेम बावीस मिनिटे उरतात. घाबरलेल्या माणसाचा श्वास दुपटीने चालतो, हे यात धरलेलेच नाही.

आमच्याकडील मुलांबाबत आणखी एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. विहिरीच्या काठावरून सूर मारून, तळाशी गेलेली कळशी दम कोंडून वर काढणारा पोरगा पाण्यास भीत नाही. हा त्याचा मोठा गुण खरा, परंतु दम कोंडण्याची तीच सवय स्कूबामध्ये प्राणघातक ठरते. विहिरीत तो एकदाच भरलेला श्वास खाली नेतो. सिलिंडरची हवा मात्र खोलीवरच्या दाबाने फुप्फुसात शिरते, आणि दहा मीटरांवरून श्वास रोखून वर येणाऱ्याच्या छातीतील ती हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट होऊ पाहते. संकटसमयी मनुष्य जुन्या सवयीकडेच धावतो. म्हणून अखंड श्वास घेत राहण्याची नवी सवय उथळ पाण्यात पुरती मुरेपर्यंत आमच्या मुलांनी खोलीचा मोह धरू नये, असे माझे ठाम मत आहे.

नावांनीही पुष्कळ फसगत होते. १९६६ साली स्थापन झालेल्या पाडी या संस्थेत ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर म्हणजे पाच डाइव्ह, त्यांपैकी खोल पाण्याची एक आणि दिशाज्ञानाची एक सक्तीची. एसएसआय या संस्थेत मात्र ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर ही पदवी चार विशेष शिक्षणक्रम आणि २४ डाइव्ह पदरी असल्याखेरीज मिळत नाही, व पाच डाइव्हच्या शिक्षणक्रमास तेथे ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर म्हणतात. मनोरंजनार्थ डायव्हिंगच्या आयएसओ २४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकात तर देखरेखीखालचा, स्वतंत्र आणि नेतृत्व करणारा अशा तीनच पायऱ्या आहेत. 'प्रगत' नावाची पायरीच नाही. तेव्हा दाखल्यावरील मथळा न पाहता त्यामागील तपशील पाहावा.

मग निवड कशी करावी? आपण प्रत्यक्षात कोणत्या पाण्यात उतरणार, हा पहिला प्रश्न. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या बहुतेक जागा उथळ, पाणी पुष्कळदा गढूळ, आणि पावसाळ्यात सारे बंद. तेथे तीस मीटरांच्या परवान्याचा उपयोग तो काय? तेथे उपयोगी पडते ते शरीर पाण्यात अधांतरी स्थिर राखण्याचे कौशल्य आणि होकायंत्राने दिशा ओळखणे. त्यापुढे माझी शिफारस रेस्क्यू डायव्हरची. आणि पाडीत त्यासाठी संपूर्ण ॲडव्हान्स्डची आवश्यकता नाही, दिशाज्ञानाच्या डाइव्हसह तीन डाइव्हची ॲडव्हेंचर डायव्हर श्रेणी व प्रथमोपचाराचे ताजे शिक्षण पुरते. रेस्क्यूचा शिक्षणक्रम मनुष्यास प्रथमच स्वतःकडून सोबत्याकडे पाहावयास लावतो. चाळीस मीटरांचा डीप डायव्हर अंदमान-लक्षद्वीपास वारंवार जाणाऱ्यांनी पाहावा. डाइव्हमास्टर हा तर व्यवसायाचा उंबरठा आहे. त्याच्या आरंभी चाळीस व अखेरीस साठ डाइव्ह नोंदलेल्या लागतात, आणि ज्यास इतरांचे प्राण सांभाळून पोट भरावयाचे आहे त्यानेच त्या वाटेस जावे.

रेस्क्यूच्या सनदेविषयीचा एक गैरसमज मात्र वेळीच दूर केला पाहिजे. आमच्याकडील येलदरी वा इसापूरच्या धरणात वा एखाद्या विहिरीत कोणी बुडाले की गावकरी अशा तरुणाकडे आशेने पाहतील, आणि त्याच्याने नाही म्हणवणार नाही. तरीही त्याने नाही म्हणावे. जाळी, बुडालेली झाडे आणि शून्य दृश्यता यांत शोध घेणे ही शोधपथकांची निराळी विद्या आहे. शिवाय ही धरणे समुद्रसपाटीपासून ३०० मीटरांहून उंच असल्याने तेथे समुद्रावरची डाइव्हच्या खोली-वेळेची कोष्टके दुरुस्त केल्यावाचून लागू पडत नाहीत.

उंचीचा हाच विचार घरी परततानाही करावा लागतो. लागोपाठ डाइव्ह केलेल्याने विमानप्रवासापूर्वी किमान अठरा तास थांबावे असा संकेत आहे, आणि तो ६०० मीटरांवरील घाटरस्त्यासही लागू समजावा. आंबोलीचा माथा सुमारे ६९० मीटर आहे. दुपारपर्यंत पाण्यात राहून संध्याकाळी मराठवाड्याची गाडी धरणारे तरुण मी पाहिले आहेत. शेवटची डाइव्ह सकाळीच आटोपावी, ती रात्र किनाऱ्यावरच काढावी, आणि घाट दुसऱ्या दिवशी चढावा; मुक्कामाचा हा जादा खर्च शिक्षणक्रमाच्या शुल्काबरोबरच धरून बेत आखावा.