कंबरदुखी आणि विजेचे यंत्र

पाठदुखी तथागतांनाही चुकली नाही. कपिलवस्तूत पाठ दुखू लागल्यावर पुढील उपदेश आनंदावर सोपवून ते आडवे झाले, असे मज्झिम निकायात आहे. आमच्या अलिबाग-मुरूडकडे भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या मायभगिनींना आडवे होणे कुठले? मग मुलगा मुंबईहून विजेचे यंत्र आणतो.

यंत्राच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आखडतात, सैलावतात. वेदना काही वेळ दबते, मूळ दुखणे राहतेच. जोर जास्त तितका गुण जास्त, असे आम्हांसही वाटे. तसे नाही. यंत्र बंद असतानाच मणक्याच्या दोन्ही बाजूंस, कोरड्या कातडीवर पट्ट्या चिकटवाव्यात. जोर हळूहळू वाढवावा. पेसमेकर असलेल्यांनी व गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. पाय बधिर झाले, लघवीवरील ताबा सुटला, तर यंत्र ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.