'संगीत शारदा' : हास्य आणि करुण

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रस सांगितले आणि शृंगाराच्या अनुकरणातून हास्य उपजते, असेही म्हटले. या वचनाचे उत्तम उदाहरण म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचा भुजंगनाथ.

'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीने १८९९ साली केला, तोही आपल्या बुऱ्हाणपूरला जवळच्या इंदुरात. जरठ-बाला विवाह तेव्हा उघड होत. धनिक भुजंगनाथ म्हातारपणी बोहल्यावर चढायला निघतो. शृंगाराचा सगळा थाट आहे, वय तेवढे नाही. म्हणून प्रेक्षक हसतात. आम्हा वाणिज्यवाल्यांना तर यात सरळ सौदा दिसतो : गिऱ्हाईक भुजंगनाथ, विक्रेता खुद्द बाप कांचनभट, दलाल भद्रेश्वर दीक्षित. विचारले नाही ते फक्त शारदेला. ती बोलू लागते तेव्हा आपलेच मघाचे हसू आपल्याला टोचते. शोक हा करुणाचा स्थायीभाव खरा, पण इथे तो हास्यामुळेच खोल जातो, असे माझे मत आहे. पहिल्यापासून रडारड असती तर लोक डोळे पुसून घरी गेले असते.

'शारदा कायदा' या नाटकावरून आला, असे पुष्कळजण समजतात. तसे नाही, १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला. त्याने मुलीचे किमान वय १४ ठरवले, नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा मात्र घातली नाही. १५ वर्षांच्या मुलीचे सत्तरीतल्या म्हाताऱ्याशी लग्न त्यानंतरही कायद्यात बसत होते.