सिंगापूरच्या तैपूसम यात्रेतील वाद्यघोष

दक्षिण भारतातील देवालयांत वाद्यवादन हे पूजेचेच एक अंग मानले जाते. आपल्याकडे सनई-चौघड्याला जे स्थान, तेच तमिळ देवळांत नादस्वरम् व तविल या जोडीला आहे. तविलचे खोड फणसाच्या लाकडाचे असते. एका तोंडावर काठीने, तर दुसऱ्या तोंडावर बोटांना कडक टोपणे चढवून आघात करतात. उरुमी हे आणखी एक चर्मवाद्य. त्याच्या एका तोंडावर वाकडी काठी घासली असता हुंकारासारखा खोल नाद निघतो. हा नाद कानी पडताच कावडी वाहणाऱ्या भक्ताच्या अंगी देव संचारतो, अशी श्रद्धा आहे.

तमिळ मंडळी समुद्रापार गेली, तेव्हा मुरुगन, म्हणजेच आपला कार्तिकस्वामी, आणि ही वाद्येही त्यांच्यासमवेत गेली. सिंगापूर येथे चेट्टियार समाजाने १८५९ साली श्री तेंडायुधपाणी मंदिर उभारले. तैपूसमच्या दिवशी श्रीनिवास पेरुमाळ मंदिरापासून तेथवर सुमारे ४ कि.मी. अंतर भाविक पायी चालतात. कोणी अंगात शूल टोचून कावडी वाहतात, तर स्त्रिया दुधाचे कलश मस्तकी धरतात. (महाराष्ट्रात कार्तिकस्वामींच्या दर्शनाविषयी स्त्रियांना असलेला परंपरागत निर्बंध तिकडे नाही.)

वादकांच्या गटांतील चढाओढीतून मारामाऱ्या होऊन मिरवणूक खोळंबत असे. त्यामुळे शासनाने १९७३ साली मार्गावरील वाद्यांस बंदी घातली. कारण निराधार नव्हते. तथापि शूल धारण करून चालणाऱ्याचा मोठाच आधार त्यामुळे सुटला. रस्त्यावर उरला तो टाळ्यांचा ताल आणि ‘वेल, वेल’ हा गजर. वाद्ये मंदिराच्या आवारात मात्र वाजत राहिली. शेजारच्या मलेशियात तर बातू लेण्यांच्या यात्रेत तरुणांची उरुमी मेळम् पथके आजही मोठ्या उत्साहाने वाजवितात.

सिंगापूरमधील तमिळ समाजाने ही मागणी सोडली नाही. २०१६ साली मार्गावरील तीन ठिकाणी वादनास अनुमती मिळाली. पुढे २०१९ साली भक्तासमवेत चालत पारंपरिक तालवाद्ये वाजविण्याची मोकळीक लाभली. महामारीमुळे २०२१ व २०२२ या वर्षी पदयात्रा झाली नाही. ती २०२३ पासून पुन्हा सुरू झाली आहे.

हा उत्सव तमिळ तै महिन्यात पुष्य नक्षत्रावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येतो. भाविकांची रांग आदल्या रात्रीपासूनच निघू लागते.