पांढरा उंदीर पाळण्यापूर्वी

घरात उंदीर दिसला की आपण काठी शोधतो. भाद्रपदात तोच उंदीर गणपतीपुढे बसतो आणि आपण त्याला हात जोडतो. आता याहून निराळा प्रकार निघाला आहे. शहरात मासे-पाखरे विकणाऱ्या दुकानांत पांढरे उंदीर विकायला ठेवतात. पोर हट्ट धरते, बापाचा हात खिशात जातो. पैसे बाहेर निघण्याआधी एवढे वाचा, असे आमचे सांगणे आहे.

पांढरा उंदीर हा गटारातल्या तपकिरी उंदराच्याच कुळातला. पण माणसाने शंभराहून अधिक वर्षे त्याला पिढ्यान्‌पिढ्या पाळले, म्हणून तो माणसाळला. हात ओळखतो. रोज एकाच नावाने हाक मारली तर जवळ येतो. शेतातल्या बिळात पिल्लू सापडले तर ते मात्र घरी आणू नका, कितीही गोजिरवाणे दिसो. रानच्या उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येतो. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्याला पायाच्या जखमेतून तो लागतो. डोके व पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, कधी कावीळ होते. वेळेवर औषध मिळाले नाही तर माणूस दगावतो.

आमच्या प्रौढ वर्गात एका आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, घरातले मारायचे न्‌ दुकानातले पोसायचे, ही कुठली रीत?" प्रश्न रास्त आहे. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. शहरात सिमेंटच्या खोलीत राहणाऱ्याचे निराळे. आपल्या घरात धान्याची कणगी असते, आणि कणगीपाशी उंदीर येतोच. पिंजऱ्यातले दाणे सांडले की तो तिथेही येतो, मुतून जातो, आणि रानचा रोग पाळलेल्याला लागतो. त्याच्याकडून तो पोराच्या हाताला लागू शकतो.

दुसरे, आपण उंदरांसाठी विषारी औषध ठेवतो. उंदराला ओकारी करता येत नाही. पोटात गेले ते गेले. म्हणून तर ते औषध त्याच्यावर चालते. पिंजऱ्यातून सुटलेल्या पांढऱ्यालाही ते तसेच चालेल. झिंक फॉस्फाइड या काळ्या भुकटीवर तर माणसालाही उतारा नाही. तेव्हा ज्या घरात ती भुकटी मांडतात, त्या घरात उंदीर पाळू नये. आधी कणगीला पत्र्याचे घट्ट झाकण करा, बिळे बुजवा, सापळा लावा, आणि मग पिंजऱ्याचे बोला.

आता समजा, घर तसे आहे. तरी एकटा उंदीर आणू नका. तो कळपात राहणारा जीव, एकटा झुरतो. दोन आणा, पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. मोठ्या नराचे अंड शेपटीच्या मुळाशी ठळक दिसतात, ओळखायला अवघड नाही. दुकानदार 'जोडी घ्या' म्हणेल. जोडी घेतलीत तर २१ ते २३ दिवसांत मादी विते. एका वेताला साधारण ८ ते १२ पिले. व्याल्यावर दिवसभरात ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि पिले सव्वा महिन्याची झाली की तीही त्याच वाटेला लागतात. दसऱ्याला आणलेल्या दोघांचे संक्रांतीपर्यंत किती होतील, पाटीवर मांडून पाहा. वर्गातल्या एका शेतकऱ्याने मांडले आणि अर्ध्यातच पाटी पुसून टाकली!

पिंजरा लोखंडी जाळीचा हवा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे तो सतत कुरतडतो. लाकडी खोके फार दिवस टिकत नाही. खाली कागदाच्या पट्ट्या घाला. त्या वरचेवर बदला, नाहीतर मुताच्या वाफेने त्याची छाती बिघडते. खायला ज्वारी-बाजरी, डाळ, काकडी, गाजर चालते. बुरशी आलेले काही देऊ नका. उन्हाळा त्याला सोसत नाही. अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतो. वैशाखात पत्र्याखाली पिंजरा ठेवला तर दुपारीच मरेल. त्याला शेपटीने उचलूही नये, कातडी सोलून निघते. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. चावला तर जखम साबण-पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

तो दोन, फार तर तीन वर्षे जगतो. मूल पहिलीत असताना आणला तर तिसरी-चौथीपर्यंत तो जाणार. पोराला हे आधीच सांगावे.

कंटाळा आला म्हणून शेतात सोडू नका. पांढरा रंग घारीला लांबून दिसतो. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारा, "जमले नाही तर परत घ्याल का?" नाही म्हणाला तर पोराला उसाचा रस पाजा आणि एस.टी. धरा.